भाकणूक आणि पत्रिका

अहवाल एका पानाचा होता. वर नाव, वय, नमुना हाती आल्याची तारीख. खाली जठराच्या पाच जागांहून घेतलेल्या पाच कणांचे वर्णन. आणि तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आयुष्याची वीसेक वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराचा अर्थ लावण्यात गेली. तरीही त्या संध्याकाळी बारामती एमआयडीसीतील आमच्या घरी ते पान मध्ये ठेवून बसलो असता आम्हाला त्यातील एकही वाक्य धडपणे वाचता आले नाही. डोळे पुन्हा पुन्हा एकाच शब्दजोडीवर येऊन थांबत होते : 'इंटेस्टायनल मेटाप्लेसिया'.

अहवालावरचे नाव आमच्यापैकी एकाचे. कोणाचे, ते येथे सांगत नाही. त्यात लपवाछपवीचा हेतू नाही. नाव एकाचे असले तरी पुढचे कित्येक महिने तो कागद आम्ही दोघांनी सारखाच वाचला आणि सारखाच चुकीचा वाचला. वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या हातून वाचनात झालेली ही चूक नेमकी कोणती होती, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. आमच्यापैकी एकाचे वडील (त्यांना आम्ही दोघेही आबाच म्हणतो) १९९८ साली जठराच्या कर्करोगाने गेले. वय एकसष्ट. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यालगत त्यांची ऊसशेती. जाण्याआधी वर्षभर त्यांना दोन घासांतच पोट भरल्यासारखे होई. दाखवले तिथे 'ॲसिडिटी' असे निदान झाले आणि गुलाबी औषधाच्या बाटल्या सुरू झाल्या. एक संपली की दुसरी. आबांची तक्रार नव्हती. आपल्या भाषेत पोटाला दुखण्याखेरीज इतरही पुष्कळ कामे नेमून दिलेली आहेत. माणसे अपराध पोटात घालतात, गुपित पोटात ठेवतात, लेकराला पोटाशी धरतात. आबांनी दुखणे पोटात ठेवले. पुण्याला नेऊन दुर्बीण घातली तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

त्या वेळी रुग्णालयाने दोन काचपट्ट्या आणि मेणाची एक लहानशी वडी आमच्या हाती दिली होती. मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायची म्हणून. मुंबईला जाण्याची वेळच आली नाही. गावच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या पिशवीत, ती वडी आणि त्या काचपट्ट्या पाव शतकाहून अधिक काळ पडून राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाला जेवणानंतर जडपणा जाणवू लागला. एरवी आम्ही दुर्लक्ष केले असते. या वेळी केले नाही. डॉक्टरांनी वडिलांची हकिगत ऐकली आणि म्हणाले, "दुर्बिणीने नुसते पाहून भागणार नाही. पाच ठिकाणचे कण घेऊ." अहवाल आल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "हा कॅन्सर नाही." दुसरे वाक्य होते, "पण नोंद ठेवण्यासारखी गोष्ट आहे." पहिले वाक्य आम्ही दवाखान्याच्या दारातच विसरलो.

आता या शब्दजोडीचा अर्थ. जठराच्या आतल्या अस्तराची घडण आणि आतड्याच्या अस्तराची घडण वेगवेगळी असते. दीर्घकाळ दाह सोसलेले जठराचे अस्तर कधी कधी आपली घडण सोडून आतड्यासारखे होऊ लागते. घेतलेला कण फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग तो मेणात बसवतात, त्या मेणाचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट जाडीचे काप काढतात, आणि जांभळ्या व गुलाबी रंगांत बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. जठराच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या, चिकट द्रवाने भरलेल्या पेशी दिसता कामा नयेत. त्या आतड्यातल्या. त्या येथे दिसल्या, की मेटाप्लेसिया. वाङ्मयाच्या परिभाषेत बोलायचे तर एका संहितेत दुसऱ्याच संहितेतील ओळी उतरल्या आहेत, असे विकृतिशास्त्रज्ञ वाचतो.

या खुणेला महत्त्व मिळवून देणारे संशोधक म्हणजे कोलंबियाचे पेलायो कोरेया. त्यांच्या देशाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ भागात जठराचा कर्करोग फार आणि त्याच प्रांताच्या समुद्रकाठी फार कमी, असा विलक्षण फरक होता. त्याचा मागोवा घेत १९७५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक क्रम मांडला : आधी दाह, मग ग्रंथींचा क्षय, मग मेटाप्लेसिया, मग पेशींच्या रचनेतील बिघाड म्हणजे डिसप्लेसिया, आणि शेवटी कर्करोग. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या क्रमाचा आरंभ कशाने होतो, याचे मुख्य उत्तर पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात मिळाले. रॉबिन वॉरन यांनी जठराच्या कापांत एक वळणदार जंतू पाहिला होता. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेत जास्त दिवस राहून गेलेल्या तबकड्यांत तो वाढला, आणि बॅरी मार्शल यांनी पुढे तो स्वतः पिऊन दाखवला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले. म्हणजे आबा गुलाबी औषध घेत होते तेव्हा जंतू ठाऊक होता आणि त्याच्यावरचा इलाजही. त्यांच्या पोटात तो आहे का, हे मात्र कोणी पाहिले नाही.

पायऱ्यांचा हा क्रम समजला आणि आमची चूक सुरू झाली. आम्हाला कथानकाची सवय. पाच प्रकरणांची कादंबरी असेल आणि आपण तिसऱ्या प्रकरणात असू, तर पाचवे प्रकरण येणारच, असे वाचकाचे मन धरून चालते. आम्ही अहवाल तसा वाचला. त्याहून खरे सांगायचे तर तो आम्ही पत्रिकेसारखा वाचला. पत्रिका एकाच माणसाची असते. जन्मवेळ त्याची, ग्रह त्याचे, भोगही त्याचेच. आम्ही पत्रिका न पाहता लग्न केलेली माणसे. घरच्यांशी त्यावरून वाद घातलेला. आणि चाळिशी उलटल्यावर फॉर्मॅलिनमधल्या पाच कणांची पत्रिका मांडून बसलो.

आकडे नव्हते असे नाही. नेदरलँड्समध्ये जठराच्या कणांचे अहवाल देशभर एकत्र नोंदवले जातात. अशा ९० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून तिकडच्या संशोधकांनी २००८ साली सांगितले, की मेटाप्लेसिया असलेल्यांत वर्षाकाठी सुमारे ०.२५ टक्के लोकांना जठराचा कर्करोग होतो. म्हणजे चारशेत एक. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा आम्ही मान डोलावली आणि घरी येताना विचार करू लागलो, की तो एक कोण. महाविद्यालयाच्या सभागृहात कार्यक्रम असला की आम्ही नकळत खुर्च्या मोजू लागलो. उरलेल्या तीनशे नव्याण्णव खुर्च्या आम्हाला दिसतच नव्हत्या.

याच दिवसांत गावाकडची ती पेटी आठवली. काचपट्ट्या पुसून विकृतिशास्त्राच्या डॉक्टर बाईंकडे नेल्या. रंग थोडे उतरले होते, पण काप वाचता येत होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि सांगितले, की आबांचा कर्करोग 'आंत्रीय' प्रकारचा होता. जठराच्या कर्करोगाचे आंत्रीय आणि विखुरलेला असे दोन मुख्य प्रकार फिनलंडच्या पेक्का लाउरेन यांनी १९६५ साली सांगितले, त्यांपैकी पहिला. मग त्यांनी सूक्ष्मदर्शक आमच्याकडे वळवला. कर्करोगाच्या शेजारच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशींची ओळ होती. अहवालात वर्णिलेल्या, तशाच. जंतू दिसला नाही. अशा बदललेल्या अस्तरात तो सहसा टिकत नाही, असे त्या म्हणाल्या.

आम्ही काहीच बोललो नाही. आमच्या मनातले त्यांनी ओळखले असावे. "तुम्ही दोघे शिकवता ना?" त्या म्हणाल्या, "मग एक लक्षात घ्या. यांच्यासारखंच अस्तर असलेली आणि कॅन्सर न झालेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्या काचा माझ्यापर्यंत येतच नाहीत."

या वाक्याने आमच्या वाचनाला पहिला धक्का दिला. कर्करोगापासून मागे वळून पाहिले की जिना सरळ दिसतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठीच होती असे वाटते. पायरीवर उभे राहून पुढे पाहिले तर बहुतेक माणसे तेथेच थांबलेली असतात. समीक्षेतही आपण हे करतोच. लेखक मोठा झाल्यावर त्याच्या शाळकरी कवितेत मोठेपणाच्या खुणा सापडतात. तशाच कविता लिहून पुढे काहीच न लिहिणाऱ्यांच्या वह्या आपण उघडत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच : चारशेतला तो एक आधी ओळखता येईल काय? ऊतींमधील खुणांचे, म्हणजे बायोमार्करचे, सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती उभे आहे. सर्वांत जुनी खूण नुसत्या रूपाची. मेटाप्लेसिया पूर्ण आहे की अपूर्ण, म्हणजे अस्तराने लहान आतड्याचे रूप नीट घेतले आहे की मोठ्या आतड्यासारखे काहीतरी अर्धवट? अपूर्ण असेल तर धोका अधिक. ती जठराच्या खालच्या भागापुरती आहे की वरपर्यंत पसरली आहे? पसरली असेल तर धोका अधिक. पाच ठिकाणचे कण घ्यायचे ते यासाठी. दुसरी खूण प्रथिनांची. सीडीएक्स-२ नावाचे प्रथिन पेशीला आतड्याची पेशी होण्याची आज्ञा देते. ते निरोगी जठरात नसते, अशा अस्तरात मात्र रंगवून दाखवता येते.

तिसरी खूण अधिक खोल आहे आणि ती आम्हाला आमच्याच गावच्या कवीमुळे समजली. बारामती ही मोरोपंतांची. पंतांनी रचलेल्या अनेक रामायणांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. त्यात प, फ, ब, भ, म यांसारखे ओठ मिटून उच्चारायचे वर्ण येत नाहीत. वर्णमालेतून ते वर्ण नाहीसे झालेले नसतात. त्या रचनेपुरते ते उच्चारायचे नाहीत, असा दंडक असतो. पेशीतही असेच घडते. जनुकाची अक्षरे जागच्या जागी असतात, पण त्यांच्यावर मिथाइल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटतो आणि ते जनुक वाचले जात नाही. जंतूमुळे होणाऱ्या दीर्घ दाहात जठराच्या अस्तरावर असे गट साचत जातात. पेशींना आवर घालणारी जनुके मुकी झाली की धोका वाढतो. तोक्यो येथील तोशिकाझु उशिजिमा यांच्या गटाने हे मोजून पाहिले. सुरुवातीचा कर्करोग दुर्बिणीतूनच काढून टाकलेल्या आणि जंतूचा नायनाट झालेल्या ८२६ जणांच्या अस्तरातील मिथाइलचे प्रमाण त्यांनी आधी नोंदवून ठेवले आणि मग वाट पाहिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांच्यात हे प्रमाण सर्वांत जास्त होते त्यांना नवा कर्करोग होण्याचा धोका सर्वांत कमी प्रमाण असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ साली आणखी पुढची गोष्ट दाखवली. ज्यांच्या मेटाप्लेसियात गुणसूत्रांची टोके आखूड झालेली व मिथाइलचे ठसे बदललेले, त्यांची वाटचाल कर्करोगाकडे होण्याचा संभव जास्त. ज्यांच्यात हे ठसे निरोगी अस्तरासारखेच राहिले, त्यांच्यापैकी काहींत ती मागेही फिरली. म्हणजे जिन्यावरून उतरताही येते. या चाचण्या अद्याप रोजच्या व्यवहारात आलेल्या नाहीत. आमच्या अहवालात फक्त पहिली खूण होती : पूर्ण प्रकार, खालच्या भागापुरता. त्यातल्या त्यात बरी.

हे सारे वाचताना आम्हाला वाटत होते, की खुणा जसजशा बारीक होतील तसतशी पत्रिका अचूक होईल. एका प्रकारच्या कर्करोगात ती जवळपास तशी होतेही. १९९८ साली, म्हणजे आबा गेले त्याच वर्षी, न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या रक्तात सीडीएच-१ या जनुकातील दोष सापडला. पिढ्यानपिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. कारण शोधा म्हणून ते कुटुंब स्वतः संशोधकांकडे गेले आणि पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने ते शोधले. हा विखुरलेल्या प्रकारचा कर्करोग. आबांचा तो नव्हता. पण त्यातही एक बोध आहे. या दोषामुळे येणारा धोका आरंभी ७० टक्क्यांच्या घरात सांगितला जाई. पुढे अधिक कुटुंबे तपासली गेली, केवळ आजारी पडलेल्यांपुरती मोजणी राहिली नाही, तेव्हा तो बराच खाली आला. जनुक तेच, दोष तोच. मोजलेली माणसे वेगळी म्हणून आकडा वेगळा.

डॉक्टरांचे एक काम आम्ही टाळत होतो. "भावंडांना सांगा," असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. आम्ही सांगितले नव्हते. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दादा शेती पाहतात. ताई सोलापूरला. सांगितले तर घरात पुन्हा १९९८ साल उभे राहील, ही भीती. आबांनी दुखणे पोटात ठेवले म्हणून आम्ही आयुष्यभर हळहळलो, आणि आता आम्ही तेच करीत होतो. शेवटी दिवाळीत गावी गेलो तेव्हा रात्री अंगणात दादांना सगळे सांगितले.

दादांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "तुमच्या पोटात निघालं, म्हणून माझ्या पोटात कशाला शोधायचं? मला तर भाकरी पचती."

आम्ही त्यांना चारशेतल्या एकाची गोष्ट सांगितली. सभागृह, खुर्च्या, सगळे. सांगता सांगता आमचाच गोंधळ होऊ लागला. दादा मध्येच म्हणाले, "म्हणजे भाकणुकीसारखं की."

धनगर समाजाच्या बिरोबाच्या यात्रांत भाकणूक होते, हे वाचकांना ठाऊक असेल. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतली भाकणूक ऐकायला तर लाखोंनी लोक जमतात. पाऊस कसा, पीक कसे, धान्याचा भाव काय, रोगराई किती. दादांचे म्हणणे असे : भाकणूक कोणा एकाच्या नावाने होत नाही. पाऊस कमी म्हटले तर कुणाच्या रानात कमी, हे कोणी विचारत नाही. "सगळ्यांनीच बियाणं जपून पेरायचं," दादा म्हणाले, "आणि ज्याच्या विहिरीला पाणी हाय, त्यानं शेजाऱ्याला द्यायचं."

भाकणूक खरी ठरते की नाही, हा येथे प्रश्न नाही. पावसाचा अंदाज आम्ही हवामान खात्याकडूनच घेतो. प्रश्न विधानाच्या जातीचा आहे. काही विधाने एकाला उद्देशून असतात, काही समुदायाला. अलंकारशास्त्र शिकवताना आम्ही दरवर्षी सांगतो, की वाक्याचा अर्थ वक्ता आणि श्रोता कोण यावर ठरतो. ऊतींतील खुणा जे बोलतात ते समुदायाला उद्देशून. चारशे माणसे एकत्र उभी असताना ते वाक्य खरे असते. त्यातल्या एकाला बाजूला घेऊन त्याच्या कानात ते सांगितले की त्याचा अर्थ बिघडतो. खुणा बारीक होतात तेव्हा वर्तुळ लहान होते : चारशेचे दोनशे, दोनशेचे पन्नास. वर्तुळ लहान झाले तरी त्यात उभा असलेला माणूस एकटा होत नाही. आम्ही भाकणूक ऐकली आणि तिची पत्रिका केली, ही आमची चूक. मात्र भाकणूक ऐकून कोणी घरी स्वस्थ बसत नाही, हेही दादांच्याच बोलण्यात होते. समुदायाला सांगितलेली गोष्ट समुदायावर कर्तव्य टाकते. ते कर्तव्य आम्ही महिनोन्‌महिने टाळले, कारण तो कागद आम्ही एकट्याचा मानला होता.

ज्या समुदायाचा आकडा आपण ऐकतो तो आपला आहे काय, हेही विचारावे लागते. नेदरलँड्सचा आकडा तिकडच्या माणसांचा. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो असे मानले जाते, तरी जपान-कोरियाच्या मानाने जठराचा कर्करोग येथे पुष्कळच कमी. आणि देशातल्या देशात मिझोराममध्ये मात्र तो फार. याचे पुरते उत्तर मिळालेले नाही. मीठ, तंबाखू, धूर, जंतूची जात, माणसाची घडण अशी अनेक कारणे पुढे केली जातात. सवयी शरीरावर लिहून जातात हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. टाटा रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर १९४५ साली चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर निबंध लिहिला. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या रेषेवर होणारा कातडीचा कर्करोग त्यांनी त्यात नोंदवला.

मोजणीचे काम तर आमच्या पूर्वेलाच झाले आहे. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी ओलांडून गेले की बार्शी लागते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतील रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणत. याच भूमीवर, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. पण पेशींतील खूण आधी वाचून मृत्यू टाळता येतो काय, हा प्रश्न तोच. २००९ साली निष्कर्ष आला : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटातील स्त्रियांना चाचणी का दिली नाही, यावर पुढे कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. जगभरच्या स्त्रियांना आज ज्या आकड्याचा आधार मिळतो, त्याच्या एका बाजूला धाराशिवच्या या ६४ बायका आहेत. टक्केवारी वाचताना आम्हाला आता त्या दिसतात. आकडा कोणाचा तरी असतो.

दादांना आम्ही त्या रात्री सांगितलेला शेवटचा आकडा कोरियाचा होता. जठराचा कर्करोग झालेल्यांच्या मुलाबाळांत आणि भावंडांत ज्यांच्या पोटात हा जंतू होता, अशांना तेथील डॉक्टरांनी दोन गटांत वाटले. एका गटाला जंतूवरचे औषध, दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. सुमारे नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्या ८३२ जणांत १० जणांना कर्करोग झाला होता, न घेतलेल्या ८४४ जणांत २३ जणांना. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. दादांनी हिशेब केला. "तेरा माणसं वाचली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कोणती वाचली, ते त्यांना तरी कळलं का?"

कळले नसणार. ते त्यांना कधीच कळणार नाही. आज कोरियात कुठेतरी ती तेरा माणसे जेवत असतील, शेतात किंवा कचेरीत जात असतील, आणि आपण त्या तेरांपैकी आहोत हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसेल. पत्रिकेत हे सुख लिहिता येत नाही.

दिवाळीनंतर दादा बारामतीला आले आणि तपासणी करून गेले. जंतू निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्यांनी तोंड कडू झाले म्हणून त्यांनी आम्हाला रोज फोनवर ऐकवले, पण एकही गोळी चुकवली नाही. पुढच्या तपासणीत जंतू गेला होता. ताईंची चाचणी निर्दोष आली. अहवालावर ज्याचे नाव होते त्यानेही गोळ्या घेतल्या. पूर्ण प्रकारची, खालच्या भागापुरती मेटाप्लेसिया असूनही घरात इतिहास असल्यामुळे तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालायची आहे. आईला आम्ही सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "त्यांना तेव्हा कुणी असं विचारलं असतं तर."

आमच्या एमआयडीसीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१९ पासून. संध्याकाळी फिरायला गेलो की पांढरे डगले हातावर टाकून चाललेली मुले दिसतात. आमच्या वर्गातल्याच वयाची. त्यांतील कोणी उद्या सूक्ष्मदर्शकाखाली पेल्याच्या आकाराच्या पेशी पाहील आणि एका पानाचा अहवाल लिहील. तो नीट वाचायला शिकवणे हे कोणत्या विभागाचे काम, याचा आम्ही दोघे अधूनमधून विचार करतो. यंदा अर्थनिर्णयनाचा पाठ शिकवताना नेहमीचा कवितेचा उतारा बाजूला ठेवून नाव झाकलेला तो अहवाल वर्गात नेला. मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो, "हे कोणाचं आहे?" असा. या प्रश्नावरच तास संपला.

आबांच्या काचपट्ट्या आणि ती मेणाची वडी डॉक्टर बाईंनी ठेवून घेऊ का विचारले. वडी टिकाऊ असते. पुढे नव्या खुणा सापडतील तेव्हा तिचे काप पुन्हा काढता येतील, असे त्या म्हणाल्या. दादांना विचारून आम्ही ती त्यांना देऊन टाकली. सातबारा तेवढा पेटीत राहिला आहे.